टाका आणि कुंचला

आपल्याकडे भरतकामाला कला म्हणण्याची रीत नाही; ते 'बायकांचे काम' ठरते. परतवाडा-अचलपूरच्या जुन्या घरांतून काचेच्या चौकटीत बसविलेला राघू किंवा 'सुस्वागतम्' अद्याप पाहावयास मिळते. मॅटीच्या कापडाचे चौकोन मोजून, सहापदरी धाग्याचे दोन-तीन पदर सोडवून घेऊन, एकेक फुली घालीत कोणीतरी ते भरलेले असते. पाहुणा त्याचे कौतुक करतो. पण 'चित्र' हा शब्द काही त्याच्या तोंडून निघत नाही.

ह्या कामाचे मोल नेहमी दुसऱ्याच कशात तरी मोजले गेले. मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींपुढे तिने भरलेले रुमाल मांडण्याची एके काळी पद्धतच होती. सासरी गेल्यावर तीच सुई फाटलेले शिवण्यापुरती उरे. चित्रकलेचे तरी निराळे काय झाले? शासनाच्या 'एलिमेंटरी' आणि 'इंटरमिजिएट' परीक्षांना असंख्य मुले बसतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला 7, 5 किंवा 3 वाढीव गुण मिळण्याची सोय झाली आणि रंगपेटीचे आयुष्यही बहुधा त्या गुणांपुरतेच ठरले. निकाल लागला की पेटी माळ्यावर जाते.

डहाणूकडील वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा. भास्कर कुलकर्णी ह्यांनी 1970 च्या दशकात तेथे कागद व रंग नेले आणि जिव्या सोमा मशे ह्यांची चित्रे पुढे जगभर पोहोचली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मशे ह्यांचा गौरव रास्तच होता. विधीपुरते न थांबता चित्र काढण्याच्या ओढीने ते रोज काढीत राहिले. पण पिढ्यान्‌पिढ्या भिंती सजविणाऱ्या त्या सुवासिनींची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, हेही विसरता येत नाही.

घरात भरतकाम टिकले आणि चित्रकला मागे पडली, ह्याचे एक साधे कारण आहे. दूध उतू जाऊ लागले की सुई कापडात तशीच खोचून उठता येते. परत आल्यावर टाका जेथल्या तेथे सापडतो. जलरंगाचे तसे नाही. ओल्या कागदावर पसरलेला रंग वाळण्यापूर्वी त्यावर दुसरा हात फिरवावा लागतो; तेवढ्यात हाक आली तर कडा सुकून डाग उरतो. इंटरमिजिएटमध्ये उत्तम श्रेणी मिळविलेली मुलगी संसारात कुंचला का हाती घेत नाही, ह्याचे उत्तर तिच्या आवडीत शोधण्यापेक्षा त्या हाकेत शोधावे. पुरुषाला ही अडचण कमी. पण त्याने सुई धरली तर घर हसते. शिंप्याच्या दुकानात ती पुरुषाच्याच हाती असते, ह्याचा तेवढा वेळ विसर पडतो.

वाढीव गुण नकोत, प्रदर्शनही नको. उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी लवकर परतवाड्याच्या गच्चीवरून मेळघाटची निळसर रांग दिसते. ती कागदावर उतरविण्यास एक निळा, एक तपकिरी रंग, पेलाभर पाणी आणि कोणी हाक मारणार नाही असा अर्धा तास पुरतो. पहिल्या तीन वस्तू गावातच मिळतात.