काट्यावरचे दोन पडदे



जिथं काट्याच्या संगणकाला दोन पडदे जोडलेत, तिथं एक कारकुनापुढं असतो, दुसरा गाडीवानासाठी. या दुसऱ्यावर कामाची पट्टी आली, की तळचं निव्वळ वजन झाकलं जातं आणि वाद होतो. लिनक्सच्या एक्सएफसीई मांडणीत उपाय सोपा आहे. पट्टीवर माऊसची उजवी कळ दाबून ‘पॅनेल प्रेफरन्सेस’ उघडावं. ‘डिस्प्ले’मधील ‘आउटपुट’ रकान्यात कारकुनाच्या पडद्याचं नाव निवडावं. तिथं ‘प्रायमरी’ ठेवलं, तर मुख्य पडदा बदलताच पट्टीही त्याच्यामागं जाते.

भरल्या गाडीतून रिकामी वजा जाता उरतो तो आपला ऊस. बिल त्याच आकड्यावर निघतं. तेव्हा आकडा वाचावा, मगच पावती घ्यावी.