मधुमेही बालकांच्या कुटुंबांसाठी ऑनलाईन आरोग्यशिक्षण

प्रकार १ च्या मधुमेहात स्वादुपिंडातील बीटा पेशी नष्ट होतात, त्यामुळे बालकास आयुष्यभर बाहेरून इन्सुलिन द्यावे लागते. डॉक्टरांची भेट काही आठवड्यांनी होते. निर्णय मात्र पालकांना रोज, प्रसंगी मध्यरात्री घ्यावे लागतात. अशा वेळी पुन्हा पाहता येणारी ध्वनिचित्रफीत हे ऑनलाईन शिक्षणाचे खरे बलस्थान होय. रक्तशर्करा ७० मि.ग्रॅ./डे.लि. पेक्षा कमी झाल्यास त्वरित ग्लुकोज द्यावे व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. मूल बेशुद्ध असल्यास तोंडावाटे काहीही देऊ नये.

याहून घातक गैरसमज आजारपणासंबंधीचा आहे. मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन पूर्णपणे बंद केले जाते. वस्तुतः तापात इन्सुलिनची गरज बहुधा वाढते आणि ते थांबवल्यास रक्तात कीटोन साचून जिवावर बेतते. मात्रा डॉक्टरांना विचारून बदलावी, बंद करू नये. हा पाठ आजीपर्यंतही पोहोचावयास हवा; आईवडील कामावर गेल्यावर मूल पुष्कळदा तिच्याजवळच असते.

मर्यादाही आहेच. एकाच जागी सुई टोचल्याने त्वचेखाली गाठी येतात व इन्सुलिनचे शोषण अनियमित होते. त्या गाठी पडद्यावरून नीट कळत नाहीत. प्रत्यक्ष भेटीत हाताने चाचपूनच तपासाव्या लागतात.