इंजेक्शन कॅन्सरचं, काळजी हृदयाचीही

भाईंदरहून सकाळची लोकल पकडायची, दादरला किंवा प्रभादेवीला उतरायचं आणि परळचं टाटा हॉस्पिटल गाठायचं. मीरा-भाईंदरमध्ये ज्या घरात कॅन्सर शिरला, त्या घराला हा रस्ता तोंडपाठ होतो. त्यातले काही प्रवासी साठी-सत्तरीचे पुरुष असतात. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत पोहोचलेला असतो आणि महिन्याने किंवा तीन महिन्यांनी ‘हार्मोनचं इंजेक्शन’ घ्यायचं असतं.

टाटा मेमोरियल सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. त्याच वर्षी शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं, की पुरुषी हार्मोनची रसद तोडली की हा कॅन्सर मागे हटतो. १९६६मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आजही वाढलेल्या प्रोस्टेट कॅन्सरवरच्या उपचारांचा पाया तोच आहे: वृषण काढायचे, नाहीतर इंजेक्शनने त्यांचं काम थांबवायचं.

पण हे पुरुषी हार्मोन, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, फक्त कॅन्सरला पोसत नाही. ते घटलं की स्नायू झडतात, पोटाभोवती चरबी साठते, साखर आणि कोलेस्टेरॉल वाढू लागतं. म्हणजे हृदयविकाराला लागणारी सगळी सामग्री जमते. हा धडा जुना आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत याच कॅन्सरच्या रुग्णांना पुरुषी हार्मोन दाबण्यासाठी स्त्री-हार्मोनच्या गोळ्यांचा मोठा डोस दिला गेला. कॅन्सर दबला, पण हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी मृत्यू वाढले. त्या गोळ्या मागे पडल्या, इंजेक्शनं आली. २०१०मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या इंजेक्शनांच्या माहितीपत्रकातही मधुमेह आणि हृदयविकाराचा इशारा छापायला लावला.

मग कमी धोक्याचं औषध कोणतं? २०२०च्या ‘हिरो’ चाचणीत रेलुगोलिक्स या गोळीच्या गटात ४८ आठवड्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूच्या घटना २.९ टक्के होत्या, ल्युप्रोलाइड इंजेक्शनच्या गटात ६.२ टक्के. मोठा फरक, पण त्या चाचणीचा मुख्य प्रश्न हृदयाचा नव्हता. खास हृदयासाठी आखलेली ‘प्रोनाउन्स’ चाचणी २०२१मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात डेगारेलिक्स हे रेलुगोलिक्सच्याच जातीचं औषध होतं. तिथे ठोस फरक दिसला नाही आणि चाचणीही मुदतीआधी थांबली. तेव्हा निव्वळ औषध बदलून हृदय वाचेल, अशी खात्री आज देता येत नाही.

खात्रीचं काम घरातलं आहे. इंजेक्शनच्या जोडीला अनेकांना ॲबिराटेरॉनच्या गोळ्या दिल्या जातात. त्यांनी रक्तदाब चढतो, अंगात पाणी साचतं, पोटॅशियम उतरतं. अशा वेळी उत्तनच्या खारवलेल्या सुक्या मासळीचं जेवण, त्यावर पापड-लोणचं, हे रोजचं ताट राहू शकत नाही. तंबाखू तर सुटलीच पाहिजे. रोज चालणं आणि स्नायूंना थोडा व्यायाम हवाच. फक्त हाडांत कॅन्सर असेल तर कोणता व्यायाम झेपेल हे आधी डॉक्टरांना विचारावं. रक्तदाब आणि साखर तपासायला परळ गाठायची गरज नाही. ते गल्लीतल्या दवाखान्यातही होतं.

या रुग्णांपैकी बरेच जण आता वर्षानुवर्षं जगतात, म्हणूनच हृदयाकडे लक्ष हवं. भीतीपोटी इंजेक्शन मात्र स्वतःहून थांबवू नये. पूर्वी झटका आला असेल, अँजिओप्लास्टी झाली असेल, मधुमेह असेल, तर पहिल्या इंजेक्शनआधीच ते कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा आणि हृदयाच्या जुन्या कागदांची फाइल त्याच पिशवीत ठेवा.