डावीकडे तांबडा, उजवीकडे हिरवा

पावसाळी बंदीत बोटी किनाऱ्यावर शाकारल्या की रंग, इंजिन आणि जाळ्यांच्या डागडुजीबरोबर आणखी एक काम निघतं: जुने बल्ब काढून एलईडी बसवायचे. दोन वायरी जोडल्या की झालं, असं वाटतं खरं. पण या टिकलीएवढ्या दिव्यामागे नोबेल पारितोषिकापासून माकुलापर्यंत बरंच काही आहे.

निळ्यासाठी तीस वर्षं

डोळ्यांना दिसणारा तांबडा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत बनवला. भरपूर उजेड देणारा निळा यायला मात्र १९९३ उजाडलं. तो जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी केला. त्यांना, इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांना निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याला रोज दिसणारा पांढरा एलईडी बहुतेक वेळा निळाच असतो. त्यावर पिवळसर प्रकाश देणाऱ्या पावडरीचा थर असतो आणि दोन्ही मिसळून पांढरं दिसतं.

बोटीवर हे माहीत असायलाच हवं. बाजूच्या दिव्याच्या तांबड्या काचेआड पांढरा एलईडी बसवला, तर त्याच्या उजेडात तांबडा भाग मुळातच कमी असल्याने दिवा लांबून मिणमिणता दिसतो. हिरव्या काचेतून तोच निळसर होतो. तांबड्याला तांबडा, हिरव्याला हिरवा एलईडीच घ्यावा.

अंधारातलं गणित

समुद्रात टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे. डाव्या बाजूला तांबडा, उजव्या बाजूला हिरवा, प्रत्येकी ११२.५ अंशांत दिसणारा. मागचा पांढरा १३५ अंशांत. बेरीज करा, बरोबर ३६०! म्हणजे कुठूनही बघा, बोटीचा एक तरी दिवा दिसतोच. समोर फक्त तांबडा दिसला तर त्या बोटीची डावी बाजू तुमच्याकडे आहे. तांबडा-हिरवा दोन्ही दिसले तर ती थेट तुमच्यावरच येते आहे, तांडेलाने लगेच सुकाणूकडे बघावं.

मासेमारी चालू असतानाची खूण वेगळी. ट्रॉलर असेल तर वर हिरवा, खाली पांढरा. दुसऱ्या जाळ्यांची बोट असेल तर वर तांबडा, खाली पांढरा. आणि तिचं जाळं १५० मीटरपेक्षा लांब पसरलं असेल तर त्या दिशेला आणखी एक पांढरा. डेकवरच्या झगझगीत फ्लडलाइटमध्ये हे खुणेचे दिवे बुडून जातात, हे मला फार धोक्याचं वाटतं. खुणेचे दिवे झाकोळतील असा दुसरा उजेड नको, असं नियमातही आहे.

बॅटरीला आराम, वायरीला कल्हई

१२ व्होल्टवर ६० वॅटचा जुना बल्ब ५ अँपिअर ओढतो. साधारण तेवढाच उजेड देणारा ८-१० वॅटचा एलईडी एक अँपिअरच्या आतच भागवतो. पण बॅटरी १२ ची म्हणून पुरवठाही १२ चाच असतो असं नाही. इंजिन चालू असताना चार्जिंगचा दाब १४ च्या वर जातो, मग अगदी १२ वरच बेतलेली स्वस्त पट्टी तापते आणि लवकर मरते. १० ते ३० व्होल्ट झेलणारा दिवा घेतलेला बरा. अधिक-उणे उलटं जोडलं तर एलईडी पेटतच नाही. जुन्या बल्बला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

खारी हवा तांब्याच्या तारेत आतपर्यंत शिरते. वरून आवरण धडधाकट आणि आत तार हिरवीकाळी पडलेली! म्हणून बोटीसाठी कल्हई केलेली तांब्याची तार मिळते. आणि दिव्यावर ‘आयपी ६७’ लिहिलंय म्हणून निश्चिंत होऊ नका: तो एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो एवढाच त्याचा अर्थ. जोराच्या फवाऱ्याची परीक्षा वेगळी असते, आणि दर्यावर तर लाटेचे फटकेच बसतात.

दिवा लागला, वायरलेस मुका

सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट ही. काही एलईडींच्या आतलं सर्किट रेडिओत खरखर पेरतं. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये तसा इशाराच काढला होता. संकटाची हाक ज्यावर द्यायची तो १६ नंबरचा चॅनल अशा दिव्यामुळे ऐकू येईनासा होऊ शकतो. तपासणी सोपी आहे. दिवे बंद ठेवून वायरलेस शांत चॅनलवर लावा. स्क्वेल्चची कळ खरखर ऐकू येईपर्यंत फिरवा, मग खरखर जेमतेम थांबेल इतकीच उलट आणा. आता एकेक दिवा लावत जा. ज्या दिव्याला खरखर परत आली, तो काढून टाका. किनाऱ्यावरच हे करून घ्या.

पाण्यावर की पाण्यात?

समुद्राचं पाणी तांबडा रंग आधी गिळतं. खोल समुद्राच्या नितळ पाण्यात निळा सर्वांत लांब जातो, किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यात हिरवा. २०१४ मध्ये अंतराळवीर रीड वाइजमन यांना बँकॉकजवळच्या समुद्रात हिरव्या उजेडाचे ठिपके दिसले आणि ते बुचकळ्यात पडले. त्या होत्या माकूल पकडणाऱ्या बोटी! गंमत म्हणजे बहुतेक माकुलांना रंग ओळखताच येत नाहीत. शिवाय ती भर उजेडात येत नाहीत, बोटीच्या सावलीत घोटाळतात, आणि गळ तिथेच सोडलेले असतात.

आपल्याकडे मात्र प्रखर एलईडीने मासे गोळा करून पकडायला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. उजेडाला पिल्लंही येतात, मोठेही येतात, आणि एकाच घेऱ्यात सगळे उचलले जातात. मग छोट्या होडीवाल्याच्या जाळ्यात काय उरणार? मालवणपासून वरपर्यंत पारंपरिक मच्छीमार याविरुद्ध रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे असं मी मानतो. बोट दिसावी आणि खलाशाला काम दिसावं, यासाठी हवा तेवढा उजेड करा. माशांना भुलवण्यासाठी नको.

पाण्यातल्या एलईडीचा एक उपयोग मात्र मनापासून आवडला. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात जाळ्यांवरच हिरवे एलईडी लावून पाहिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नको असलेली पकड वजनाने ६३ टक्क्यांनी घटली. शार्क आणि पाकटांच्या गटाची तर ९५ टक्क्यांनी. हव्या त्या माशांची पकड टिकून राहिली. आणि जाळं ओढून त्यात अडकलेलं सोडवायला लागणारा वेळ ५७ टक्क्यांनी कमी झाला.