फसली सालातले शब्द

नांदेड, लातूरकडच्या जुन्या घरांत ट्रंकेच्या तळाशी एखादा तरी उर्दू कागद असतो आणि तो घरातल्या कुणालाच वाचता येत नाही. साल असते १३४७. हे फसली साल. त्यात ५९० मिळवले की १९३७ येते. निजामाच्या राज्यात वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्याने सुरू होई. पेरणी नक्षत्रावर, सरकारी तारीख मात्र आजूर-बहमनची, असा दुहेरी हिशेब आपल्या आजोबा-पणजोबांनी सांभाळला.

१८८४ साली हैदराबाद संस्थानाने फारसीच्या जागी उर्दू आणली, पण कारभारातले शब्द बहुतेक फारसी-अरबीच राहिले. कलेक्टर म्हणजे अव्वल तालुकदार, मंडळ निरीक्षक म्हणजे गिरदावर. गावात पाटील दोन, पोलीस पाटील आणि माली पाटील. माल म्हणजे महसूल. सारा गोळा करणारा तो माली. फुलमळ्याशी त्याचा संबंध नाही, हे आता सांगावे लागते.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अॅक्शन झाली आणि दप्तराची भाषा पालटू लागली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. उदगीर, निलंगा, अहमदपूर बिदरमधून उस्मानाबादेत आले आणि १९८२ मध्ये लातूर जिल्ह्यात गेले. जिल्हे बदलत गेले, तसे हे शब्द बोलण्यातून गळाले. जमिनीच्या कागदांवरून मात्र हलले नाहीत. वतन-इनामाच्या दाव्यात आजही मुंतखब, म्हणजे इनाम मान्य केल्याचा दाखला, मागतात, १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक काढतात. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज साऱ्या मराठवाड्याला जाणवली. ज्या पटवाऱ्यांना, पेशकारांना हे सारे तोंडपाठ होते, त्यांच्या हयातीत आपण या शब्दांचा कोश करून घ्यायला हवा होता. निदान तलाठ्यांच्या प्रशिक्षणात तरी हे शब्द आजच शिकवायला हवेत.

कारण या शब्दांतला फरक बारीक आहे आणि तो शेतकऱ्याला महाग पडतो. मदतमाश जमीन म्हणजे माणसाच्या निर्वाहासाठी दिलेले इनाम. खिदमतमाश म्हणजे देवळाच्या किंवा दर्ग्याच्या सेवेच्या अटीवर दिलेले. दोन्ही शब्द सातबाऱ्यावर शेजारी-शेजारी दिसू शकतात, पण जमीन कुणाच्या नावे राहील आणि ती विकता येईल की नाही, हे त्यातला कोणता शब्द लिहिला आहे त्यावर ठरते.