लिलावातील नाणे

आजोबांच्या पेटीतून निघालेला 1862 सालचा राणीछाप रुपया, अथवा एका अंगास ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या अंगास ‘छत्रपति’ अशी अक्षरे मिरवणारा, जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा सुवर्णहोन, यांचे मोल सराफाच्या तराजूवर नव्हे, तर दुर्मिळता, टांकसाळीची खूण आणि झीज यांवर ठरते. म्हणूनच लिलावापूर्वी चिंचेने घासून नाणे लखलखीत करण्याचा गृहकृत्यदक्ष उत्साह घातकच. शतकाची काळसर झाक गेली, की जाणकार बोली आखडती घेतात. हातोडा पडल्यावर दलाली वजा होते, ती निराळीच. जमिनीत सापडलेल्या धनाची वर्दी मात्र 1878 च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. आणि शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्यामुळे खासगी मालकास परदेशी पाठवता येत नाही.