पोचा दिसतो, पुट्टी दिसत नाही

सेकंड हँड गाडीच्या दारावर पोचा दिसला की बहुतेकांचा निष्कर्ष ठरलेला असतो: गाडी ठोकलेली आहे. हा समज चुकीचा आहे, कारण त्यात पत्रा आणि सांगाडा यांची गल्लत होते. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते. पिलर, पुढचे-मागचे लांब दांडे, इंजिनाच्या बाजूचे अ‍ॅप्रन आणि तळ मिळून धडकेचा भार पेलतात. बॉनेट, दारे आणि पुढचे फेंडर बोल्टांनी बसवलेले असतात, तर बंपरचे बाहेरचे आवरण प्लास्टिकचे असते. पार्किंगमध्ये दुचाकीचे हँडल लागून दाराला पोचा आला, तर त्याची झळ सांगाड्यापर्यंत पोहोचत नाही. मागच्या चाकावरचा पत्रा वेल्ड केलेला असल्यामुळे तो बदलायचा झाल्यास खर्च बराच येतो, पण तिथलाही उथळ पोचा म्हणजे अपघात नव्हे.

मालकाने तो दुरुस्त का केला नाही, ही शंका रास्त आहे. त्याचे उत्तर अनेकदा विम्यात सापडते. दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यात एका वर्षानंतर २० टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के सूट मिळते, आणि एका दाव्याने ती सहसा शून्यावर येते. किरकोळ पोच्यासाठी ती घालवणे परवडत नाही, म्हणून तो तसाच राहतो. उलट, विक्रीच्या तोंडावर नव्याने रंगवलेली गाडी मला जास्त संशयास्पद वाटते. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. पुट्टी भरलेल्या जागी रंगाची जाडी मोजणारा मीटर त्याच्या कितीतरी पट आकडा दाखवतो. उघडा पोचा निदान तपासता येतो. पुट्टीखाली काय दडले आहे, ते डोळ्यांना कळत नाही. शिवाय गाडीचे मोठे नुकसान पत्र्याला धक्का न लावताही होते. २०२१च्या जुलैत चिपळूणमध्ये पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांचेच बघा. पाणी वायरिंगमध्ये आणि एअरबॅगच्या सेन्सरमध्ये शिरते, बाहेरचा पत्रा मात्र धुतला की लखलखीत. अशा वेळी सीटखालच्या रुळांतला गाळ शोधावा, सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून चिखलाचे डाग पाहावेत.

म्हणजे प्रत्येक पोचा माफ, असे नाही. रंग फुटून पत्रा उघडा पडला असेल, तर गंज धरतो, आणि कोकणच्या खाऱ्या दमट हवेत तो झपाट्याने पसरतो. पोच्याशेजारची फट वरून खालपर्यंत सारखी नसेल, दार बंद करताना उचलावे लागत असेल किंवा बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग उडालेला असेल, तर गाडी लिफ्टवर चढवून तळ पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. रंग शाबूत असलेला उथळ पोचा मात्र अनेकदा रंगकाम न करता आतून दाबून काढता येतो. त्याचा खर्च गॅरेजमधून लेखी घ्यावा आणि तेवढीच रक्कम भावातून वजा करून मागावी. विक्रेत्याच्या विम्यातून हे काम पुढे करून घेऊ, हा हिशेब चालत नाही: विमा कंपनी गाडी पाहताना जुने पोचे नोंदवून ठेवू शकते आणि त्यांचे पैसे देत नाही. मालकी बदलल्यावर १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि विक्रेत्याची सूट गाडीबरोबर येत नाही, त्याच्याकडेच राहते. तेव्हा भाव ठरवताना वाढीव हप्ताही धरावा. पोच्यापेक्षा तो जास्त भरू शकतो.